आरोग्याचा परवाना

चौलच्या बंदरावरील पोर्तुगीज ठाण्याला इ. स. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने मोठ्या फौजेनिशी वेढा घातला, महिनोन् महिने तोफांचा मारा चालविला, आणि अखेरीस तह करून हात हलवीत परत फिरण्याची पाळी त्याच्यावर आली. ह्या अपयशाची मीमांसा करताना फेरिश्ता ह्या इतिहासकाराने सरळच लिहून ठेवले आहे की, निजामशाहीचे काही सरदार शत्रूला फितूर झाले होते, आणि ही फितुरी घडवून आणण्यासाठी पोर्तुगीजांनी जे नजराणे पाठविले त्यांत मद्याचा भरणा विशेष होता. दक्षिणेतील एका नामांकित सल्तनतीची मोहीम समुद्रापारच्या द्राक्षांच्या मद्याने ढिली पडावी, ही हकीगत तशी गंमतीची. परंतु ती लिहिणारा मनुष्य कोण होता हे लक्षात घेतले म्हणजे तिला आणखी एक रंग चढतो. फेरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरास आला, ह्याच मुर्तजाच्या पदरी त्याने चाकरी केली, १५८९ त नगर सोडून तो विजापुरास गेला आणि तेथे त्याने आपला सुप्रसिद्ध इतिहास लिहिला, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. पण ह्याच गृहस्थाने हिंदुस्थानी वैद्यकावर ‘दस्तूर-उल्-अतिब्बा’ नावाचा फारसी ग्रंथही रचला आहे. म्हणजे ज्या लेखणीने दारूपायी बुडालेल्या मोहिमेची नोंद केली, तीच लेखणी औषधिद्रव्यांचे गुणदोषही लिहीत होती. मद्य प्रकृतीला हितकर की अपायकारक, ह्या प्रश्नाचा नगरपुरता इतिहास सांगावयाचा झाल्यास त्याचा आरंभ ह्या माणसापासून करावा, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

निजामशाही दरबाराला वैद्यकाचे वावडे नव्हते. मुर्तजाचा आजा बुऱ्हाण निजामशहा ह्याच्या प्रकृतीसाठी गोव्याहून गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य येत असे, आणि त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधिविषयक संवादग्रंथात ह्या सुलतानाचा उल्लेख स्नेहाने व अभिमानाने केला आहे. युनानी हकीम ज्या इब्न सिनाला प्रमाण मानीत, त्याच्या ग्रंथात मद्य कोणी, केव्हा व किती प्यावे ह्याचे नियम आहेत. धर्माने निषिद्ध ठरविलेली वस्तू वैद्यकाच्या पोथीत मात्र मागल्या दाराने येऊन बसली होती. आणि ओर्ताचे देशबांधव तर मद्य पिंपांतूनच आणीत. आपला हा ‘पिंप’ शब्द पोर्तुगीज ‘पीपा’चा मराठी अवतार आहे, आणि पीपा म्हणजे दारूचे लाकडी पीप. पारनेर-पाथर्डीकडील गावांत उन्हाळ्यात टँकर आला म्हणजे बायाबापड्या ज्या पिंपांच्या रांगा लावतात, त्या पिंपाचे कुळ लिस्बनच्या तळघरात आहे, हे त्यांना कोणी सांगितले तर त्या हसतील, किंवा आधी पाणी भरू द्या म्हणतील, आणि तेच योग्य होईल.

आपल्याकडील वैद्यशास्त्राची भूमिका ह्याहून फारशी वेगळी नव्हती, हे पुष्कळांना अवघड वाटते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला चोविसावा अध्याय मदात्ययावर, म्हणजे मद्याच्या अतिरेकाने होणाऱ्या विकारांवर आहे; आणि तो अध्याय मद्याची निंदा करून मोकळा होत नाही. विधीने, मात्रेने, योग्य काळी, हितकर अन्नासह घेतलेले मद्य अमृतासारखे, आणि तसे न घेतलेले विषासारखे, असा त्याचा आशय आहे. मद्यप्रेमी मंडळी ह्या वचनाचा पूर्वार्ध तेवढा तोंडपाठ ठेवतात, आणि मद्यद्वेष्टे उत्तरार्ध; दोघांनाही ‘मात्रा’ हा शब्द मात्र आठवत नाही, आणि सगळी मेख त्या शब्दातच आहे.

ती मेख मला ग्रंथातून नव्हे, नगरला आमच्या आजोळी माजघराच्या फडताळात उमगली. तेथे वरच्या फळीवर द्राक्षासवाची एक गडद तपकिरी बाटली असे. तिच्या बुचापाशी साखरेसारखा चिकट थर धरलेला, आणि वेष्टनावर आत स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाण किती ते बारीक अक्षरांत छापलेले. आजी सोवळ्यातली, दारूच्या दुकानावरून जाताना नाकाला पदर लावणारी. पण जेवण झाले की ह्याच बाटलीतले दोन चमचे ती तितक्याच पाण्यात घालून आजोबांना देई, आणि चमचा लगेच धुऊन उपडा ठेवी. मी एकदा तिसरा चमचा मागितला तेव्हा तिने माझ्याकडे असे काही पाहिले की, तो मागण्याचे पुन्हा धैर्य झाले नाही. आसवारिष्टांत साखर किंवा गूळ घालतात, त्यात धायटीची फुले टाकतात, भांड्याचे तोंड बांधून ते मुरू देतात, आणि त्या मुरण्यातच मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो; त्याचे प्रमाण साधारणतः शेकडा पाच ते दहा, म्हणजे द्राक्षांच्या वाइनच्या फार खाली नव्हे. हिशेब करून पाहावा. दहा टक्क्यांच्या आसवाचे वीस मिलिलिटर घेतले तर पोटात जाणारा मद्यार्क दीड ग्रॅमच्या आसपास. बारा टक्क्यांच्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा एक पेला घेतला तर चौदा ग्रॅम. वस्तू जवळजवळ एक, पण मापात नऊपटीचे अंतर. नगरास वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे ह्यांच्यासारख्या विद्वान वैद्यांनी आयुर्वेदाचे महाविद्यालय आणि औषधशाळा उभारल्या, त्यामुळे आसवारिष्टांची परंपरा ह्या शहरात चांगलीच रुजली. आणि ती परंपरा चमच्याची होती, पेल्याची नव्हती.

पेल्याची परंपरा आली ती छावणीबरोबर. १८०३ च्या ऑगस्टात जनरल वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, पेशवाईच्या अखेरीनंतर भिंगारजवळ इंग्रजी कँप कायमचा बसला, आणि त्याबरोबर कमिसारियटच्या कोठारांतून गोऱ्या शिपायाला शिध्याबरोबर दारूचे रोजचे माप मिळण्याची कंपनी सरकारची वहिवाटही आली. ह्या मापाचे समर्थन आरोग्याच्या नावानेच होत असे: उष्ण देशात अंगातली शक्ती टिकावी, दूषित पाण्याचा दोष मारला जावा, पटकीच्या दिवसांत हातापायांत ऊब राहावी, अशी त्यामागची समजूत. ह्याच लष्करातले डॉक्टर पुढे शिपायांच्या यकृताच्या विकारांचे आणि बेशिस्तीचे मूळ त्याच मापात दाखवू लागले, हा भाग वेगळा. पण एकदा रुजलेली समजूत अहवालाने उपटत नाही. साहेबाच्या डॉक्टरने ग्लानी आलेल्या रोग्याच्या तोंडात ब्रँडी घातली, ते बंगल्यावरच्या खानसाम्याने पाहिले, खानसाम्याचे बटलराने, बटलराचे बाजारातल्या कारकुनाने, आणि दोन पिढ्यांत सर्दीपडशाला ब्रँडी हा उपाय कापडबाजारापासून संगमनेरापर्यंतच्या सभ्य घरांत जाऊन पोचला. माझ्या परिचयातील एक निर्व्यसनी हेडमास्तर आयुष्यभर दारूबंदीवर व्याख्याने देत आणि पावसाळ्यात रात्री कोमट पाण्यातून ‘औषध’ घेत. त्या औषधाचे नाव विचारण्याचा अगोचरपणा त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी केला नाही.

कँपपासून पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीतल्या अकोले तालुक्यात, महादेव कोळी आणि ठाकर ह्यांच्या पाड्यांवर ह्या सर्वांच्या आधीपासून मोहाची दारू होती. चैत्रात झाडाखाली पडलेली मोहाची फुले पहाटे वेचायची, वाळवायची, भिजत घालायची आणि मडक्यावर मडके ठेवून अर्क उतरवायचा, ही कला तेथे घरोघर; सणाला ती देवापुढे, आणि थंडीतापाला, बाळंतिणीला ती औषध म्हणून. ह्या घरगुती व्यवहाराला इंग्रजी अमदानीने प्रथम गुन्ह्याचे स्वरूप दिले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा झाला तेव्हा त्यामागे प्रजेच्या प्रकृतीची चिंता होती असे म्हणण्याचे धाडस त्याच्या कर्त्यांनीही फारसे केले नसेल. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून दारू गाळण्याचे काम मोठ्या आसवन्यांत एकवटावे, गॅलनमागे कर बसवावा, विक्रीचा मक्ता लिलावाने द्यावा, आणि मक्तेदाराच्या हाताबाहेर जी दारू निघेल ती चोरटी समजून तिचा पंचनामा करावा, हा सगळा बेत महसुलाचा होता. झाले काय, तर ज्या माणसाने कालपर्यंत आपल्या झाडाच्या फुलांची दारू आपल्या घरी प्यायली तो आज कचेरीत मुचलका लिहून देऊ लागला, आणि त्याच्या गावच्या वेशीवर कलालाचे दुकान सरकारी शिक्क्याने उघडले. दुकान आले की माप आपोआप वाढते. मडके महिन्यातून एकदा चढत असे. दुकानाची फळी रोज सकाळी उघडते.

ह्याविरुद्ध आवाज उठला नाही असे नव्हे. अमेरिकन मराठी मिशनचे नगर हे प्रमुख ठाणे, १८४२ त ‘ज्ञानोदय’ पत्र येथूनच निघाले, आणि मद्यपाननिषेध हा मिशनच्या उपदेशातला नित्याचा विषय. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८८० साली नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शहरातील वाढत्या दारूदुकानांबद्दल तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकपक्षाच्या स्वयंसेवकांनी पुण्यातील गुत्त्यांवर निरोधन केले. ख्रिस्ती पाद्री, सत्यशोधक आणि जहाल राजकारणी ही तीन टोके इतर कोणत्या प्रश्नावर एकत्र आली असतील तर ते मला आठवत नाही. परंतु ह्या तिघांचाही भर नीतीवर, संसाराच्या नाशावर आणि परक्या सरकारच्या तिजोरीवर होता. मद्याने शरीराचे नेमके काय होते हा मुद्दा त्यांच्या बोलण्यात ओझरता येई. शरीराचा मुद्दा राज्यकारभारात मध्यभागी आणला तो एका डॉक्टरने.

डॉ. मंचेरशा धनजीभाई गिल्डर हे मुंबईचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. काँग्रेसच्या पहिल्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती, आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी जारी झाली ती त्यांच्या कारकिर्दीत. माफक वाइन हृदयाला बळ देते अशी ग्वाही आज ज्या आत्मविश्वासाने दिली जाते, ती ऐकताना मला दर वेळी ह्या गृहस्थांची आठवण होते: ज्याने आयुष्य हृदये तपासण्यात घालविले त्यानेच आपल्या खात्याचे सर्वांत मोठे उत्पन्न बुडविले, आणि तेही आपल्याच पारशी समाजातील मद्यव्यापाऱ्यांचा रोष पत्करून. पुढे गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान महालात ते स्थानबद्ध होते, त्याच सुमारास काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद नगरच्या किल्ल्यात होते. त्या किल्ल्यातून ज्या पेयाची कीर्ती साहित्यात अजरामर झाली ते मद्य नव्हे, चहा होय. मौलाना आझादांनी तेथे लिहिलेल्या आणि पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पत्रांत पहाटेच्या चिनी चहाची जी आराधना आहे, ती वाचल्यावर दुसऱ्या कुठल्या मद्याची गरज वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण बंदी आली. त्याच वर्षी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगून, त्याच ओळीत मादक पेयांच्या बंदीचा आदेश दिला, पण ‘औषधी प्रयोजनाखेरीज’ एवढे शब्द मध्ये ठेवले. ह्या दोन शब्दांच्या फटीतून पुढली वीस वर्षे काय काय वाहून गेले ह्याचा इतिहास कोणी विनोदी लेखकाने लिहावयास हवा होता. बालसारा नावाच्या मुंबईकर नागरिकाने कायद्याला आव्हान दिले आणि व्हिस्की, ब्रँडी, वाइनपासून औषधी वाइन आणि ओ-द-कोलोनपर्यंतच्या वस्तू बाळगण्याचा हक्क मागितला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या मे महिन्यात बंदीचे तत्त्व उचलून धरले, मात्र मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने ह्यांवरील बंदी अवैध ठरविली. निर्णय न्यायाला धरून होता ह्यात शंका नाही. पण त्यानंतर गावोगावच्या औषधांच्या दुकानांत आल्याच्या अर्काला, म्हणजे ‘टिंक्चर जिंजर’ला, जी मागणी आली ती अपचन एकाएकी बळावल्यामुळे आली असे मानणे भाबडेपणाचे होईल.

त्या कायद्यातच ४०-अ कलम आहे, त्याला ‘आरोग्य परवाना’ असे नाव आहे. ज्या व्यक्तीला आपले आरोग्य राखण्यासाठी व टिकविण्यासाठी विदेशी मद्याची आवश्यकता आहे, तिला ते सेवन करण्याचा परवाना देता यावा, असे ते कलम सांगते. त्याला लागून असलेले ४०-ब तर आणखी मोकळे: आणीबाणीच्या प्रसंगी औषधी उपयोगासाठी कुटुंबप्रमुखाला ब्रँडी, रम किंवा शँपेन बाळगण्याचा परवाना! ब्रँडी समजू शकते, रमही एकवेळ. परंतु शँपेनने बरी होणारी आणीबाणी नगर जिल्ह्याच्या कोणत्या घरावर आली असेल, ह्याची कल्पना करीत मी एक संपूर्ण संध्याकाळ आनंदात घालविली आहे. ही दोन्ही कलमे विदेशी मद्यापुरती आहेत हेही ध्यानात घ्यावे. प्रकृतीला मद्याची गरज पडते ती विदेशी मद्य परवडणाऱ्यांच्याच. अकोल्याच्या ठाकराने मोहाचा अर्क बाळंतिणीसाठी ठेवला तर ती हातभट्टी, आणि हातभट्टीला जप्ती. औषध कोणते आणि व्यसन कोणते हे नाडी पाहून नव्हे, ऐपत पाहून ठरविले गेले, हा माझा ह्या सगळ्या कायद्यावरचा मुख्य आक्षेप आहे. आणि २०२२ मधील वाइनच्या वादातही तोच भेद नवे कपडे घालून हिंडताना मला दिसतो.

दारूबंदीच्या ह्याच काळात नगर जिल्हा मद्यार्काच्या एका अफाट साठ्यावर येऊन बसला, ही योगायोगाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दारणेचे आणि भंडारदऱ्याचे पाणी कालव्यांनी कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरच्या रानांत उतरले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ त पुरे झाले. त्या पाण्यावर ऊस आला, उसापाठोपाठ बेलापूर कंपनी, टिळकनगरचा महाराष्ट्र शुगर मिल्स, सोमय्यांचे गोदावरी शुगर मिल्स असे खाजगी कारखाने आले, आणि विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीने व धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाने लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात गाळपाला लागला. म्हणजे ज्या वर्षी राज्यात दारूबंदी आली, त्याच वर्षी लोणीच्या माळावर सहकाराचा पहिला भोंगा वाजला. आता एक टन ऊस गाळला की सुमारे चाळीस किलो मळी निघते, आणि एवढ्या मळीतून नऊ-दहा लिटर मद्यार्क मिळतो. साखर पोत्यात भरता येते. मळीचे काय करावयाचे? ती साठवली तर आंबते, ओढ्यात सोडली तर ओढा मरतो. म्हणून कारखान्याच्या शेजारी आसवनी उभी राहते. आणि ‘आसव’ व ‘आसवनी’ हे शब्द एकाच धातूचे असले, तरी आजीच्या चमच्यापासून त्या पोलादी स्तंभापर्यंतचे अंतर चरकाच्या कल्पनेपलीकडचे आहे. मद्यार्क औद्योगिक कामालाही लागतो, हे खरे, आणि आजकाल तो पेट्रोलमध्येही मिसळला जातो. पण साठच्या दशकात बंदी शिथिल होत गेली, १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकाने अधिकृत झाली, आणि मळीला आपली जुनी वाट सापडली. टिळकनगरच्या कारखान्याचे नाव तर पुढे साखरेपेक्षा ब्रँडीसाठीच देशभर गाजले. सर्दीपडशाचे ते औषध आता श्रीरामपूर तालुक्यात तयार होऊ लागले.

ह्यानंतरचा भाग सर्वांना ठाऊक आहे म्हणून तो थोडक्यात सांगतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे दुष्काळी गाव. तेथे तीस-चाळीस हातभट्ट्या होत्या असे सांगतात. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजाऱ्यांनी त्या बंद पाडल्या, आणि पिऊन येणाऱ्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून पट्ट्याने मारले. ह्या फटक्यांचे समर्थन मला कधीही करता आलेले नाही. आजाऱ्याला मारून बरे करता येत नाही, आणि गावाने मिळून मारले म्हणून मार न्याय्य होत नाही. पण पावसाचे पाणी अडविले, भट्ट्या गेल्या, आणि ज्या घरांत ज्वारीची चणचण होती तेथे ती उरू लागली, हेही डोळ्यांनी पाहिलेले लोक त्या गावात आहेत. हिवरे बाजाराने ह्याच वाटेने, पण ग्रामसभेच्या ठरावाने, नशाबंदी केली. आणि २००८ पासून तर गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दुकान बंद, असा नियमच राज्यात आहे. दारूच्या परिणामांविषयी ज्यांना सर्वांत खरी माहिती असते त्यांना विचारले गेले, ते ह्या नियमाने.

आणि मग पांगरमल. २०१७ च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातील ह्या गावी जेवणावळीत वाटलेल्या बनावट दारूने माणसे मेली. आणि ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहात तयार होत होती, असे तपासात पुढे आले. वर खाटांवर माणसे बरी होण्यासाठी पडलेली, आणि खाली त्यांच्याच आवारात हे. अशा बनावट दारूतल्या मिथेनॉलची विषबाधा झालेल्या रोग्याला डॉक्टर जे उतारे देतात त्यांत साधा, शुद्ध मद्यार्क हाही एक आहे. मद्य औषध म्हणून निर्विवाद उपयोगी पडते असे हे एक ठिकाण, आणि तेथेही ते उपयोगी पडते ते दुसऱ्या मद्यावर उतारा म्हणून.

अशा ह्या जिल्ह्यात २७ जानेवारी २०२२ च्या मंत्रिमंडळ निर्णयाची बातमी येऊन थडकली: एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा-भांडारांत वाइन विकण्यास मुभा. शेजारच्या नाशिकात द्राक्षांचे मळे, जुन्नर तालुक्यात नारायणगावला ऐंशीच्या दशकापासूनची वाइनरी, २००१ च्या धोरणाने राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला दिलेली करसवलत. तेव्हा शेतकऱ्याच्या नावाने हा निर्णय मांडला जाणार हे उघड होते. त्याबरोबरच वाइन म्हणजे दारू नव्हे, ती प्रकृतीला चांगली, असे सत्ताधारी बाजूकडून सांगितले गेले. अण्णांनी १४ फेब्रुवारीपासून राळेगणच्या यादवबाबांच्या देवळात उपोषणाला बसण्याचा इशारा दिला. आदल्या दिवशी ग्रामसभेने त्यांचे वय पाहून त्यांना परावृत्त केले. पुढे सरकारच बदलले, आणि निर्णय कागदावर राहिला. ह्या सर्व गदारोळात मला मौज वाटली ती एका साध्या गोष्टीची: आपल्याकडे ज्या दुकानावर ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते तेथे व्हिस्की, रम, ब्रँडी सर्व मिळते, आणि वाइनची बाटली बहुधा मागल्या फळीवर धूळ खात असते. इतकी वर्षे वाइन हे नाव सगळ्या दारूने वापरले. आता वाइनने आपले नाव परत मागून, मी त्यातली नव्हे, असे म्हणायला सुरुवात केली.

मग ती प्रकृतीला चांगली आहे की नाही? ह्या समजुतीचा आधुनिक उगम फ्रान्समध्ये आहे. लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी दिसतो, ह्या कोड्याचे उत्तर तांबड्या वाइनमध्ये असावे, असे १९९१ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर सांगितले गेले, १९९२ त सर्ज रेनो ह्या संशोधकाचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि जगभर वाइनला वैद्यकाचा टिळा लागला. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल ह्या द्रव्याचे नाव तेव्हापासून ऐकू येते. परंतु ते एका लिटर वाइनमध्ये काही मिलिग्रॅमच असते, आणि प्रयोगांत वापरलेली मात्रा गाठावयाची तर पिणारा त्याआधीच आडवा व्हायचा. माफक पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात असे सांगणाऱ्या पाहण्यांतही एक गोम होती: ‘न पिणाऱ्यां’च्या गटात पुष्कळसे असे होते की, ज्यांनी प्रकृती ढासळल्यामुळे पिणे सोडले होते, शिवाय जेवणाबरोबर एक पेला वाइन घेणारा मनुष्य बहुधा सुस्थितीतला, चांगले खाणारा आणि वेळेवर डॉक्टरकडे जाणारा असतो, आणि त्याचे दीर्घायुष्य त्याच्या पेल्याच्या खाती जमा केले जाते. हृदयाविषयी विद्वानांत अद्याप वाद आहेत हे मी नाकारीत नाही. पण कर्करोगाविषयी वाद फारसा उरलेला नाही: कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच मद्य कर्कजनक ठरविले, आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला निर्धोक म्हणता येत नाही, असे सांगून टाकले. शरीराला पेल्याचा आकार कळत नाही. ते फक्त मद्यार्काचे ग्रॅम मोजते. वाइनच्या एका पेल्यात चौदा, देशीच्या एकशेऐंशी मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साठ. म्हणून वाइन पिणाराचे नुकसान सावकाश होते, एवढाच फरक. आणि वाइन कोणी आवडीने, चवीने, मित्रांच्या संगतीत घ्यावी, तर मी त्याला अडविणारा कोण? त्याने ती आवड म्हणावी. औषध म्हणू नये.

फेरिश्त्याने चौलच्या सरदारांविषयी लिहिताना ते मद्य प्रकृतीसाठी घेत होते असे म्हटलेले नाही. त्याच्यातला इतिहासकार आणि त्याच्यातला हकीम ह्यांनी एकमेकांचे काम केले नाही. तो विवेक आमच्या कायद्याला मात्र राखता आला नाही. ४०-अ कलम पुस्तकात आहेच. ‘सरकारमान्य देशी दारू दुकान’ अशी पाटी तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत आहे. पिणाऱ्याजवळ परवाना असला पाहिजे हा नियमही कायम आहे, आणि तो पाळावयाचा म्हणून दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी एक दिवसाच्या परवान्यांचे पुस्तक ठेवलेले असते. कित्येक वर्षे त्याची फी विदेशी मद्याला पाच रुपये आणि देशीला दोन रुपये होती. तो फाडून देताना गिऱ्हाइकाची नाडी कोणी पाहत नाही.